चिकटणारे आणि सुटणारे

‘लायपोसोमल’ हा शब्द महाराष्ट्राने २०२१च्या उन्हाळ्यात शिकला. म्युकरमायकोसिस झालेल्या रुग्णांचे नातेवाईक अँफोटेरिसिन-बीच्या कुप्यांसाठी गावोगाव फोन लावत होते. साधे नको, लायपोसोमल मिळते का बघा, असे डॉक्टर सांगत होते. प्रश्न मूत्रपिंडांचा होता. साधे औषध मूत्रपिंडांना फार जाचते. तेच मेदाच्या सूक्ष्म पुटिकांत बसवले की जाच बराच कमी होतो. या औषधाचे भारतीय रूप मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या नीलिमा क्षीरसागर आणि दिल्ली विद्यापीठातले बिमल बच्छावत यांच्या प्रयत्नांतून कितीतरी आधी रुग्णांपर्यंत पोचले होते. त्या गदारोळात ही गोष्ट फारशी कुणी सांगितली नाही.

या पुस्तकाची पुढची पाने औषधांविषयी नाहीत. विद्युतभार असलेली मेदाची पुटिका आणि विरुद्ध भाराची लांबलचक रेण्वीय साखळी एकाच पाण्यात आल्या तर काय होते, एवढाच त्यांचा विषय आहे. तो ऐकायला किरकोळ वाटतो. बंगळूरच्या दोन-तीन संस्थांमध्ये मात्र माणसांनी त्यावर आयुष्याची कित्येक वर्षे घातली आहेत, आणि ती वाया गेली असे मला वाटत नाही.

आधी दोन्ही पात्रांची ओळख करून घेऊ. लिपिडच्या, म्हणजे मेदाच्या, रेणूचे डोके पाण्याला धार्जिणे असते आणि त्याच्या दोन तेलकट शेपट्यांना पाणी चालत नाही. असे रेणू पाण्यात सोडले की ते शेपट्या आत आणि डोकी बाहेर ठेवून दुहेरी पडदा करतात. हा पडदा जेमतेम चार ते पाच नॅनोमीटर जाड असतो. उघडी कड राहिली तर तिथल्या शेपट्या पाण्यात उघड्या पडतात, म्हणून पडदा वळून स्वतःला मिटवून घेतो. झाली पुटिका. शंभर नॅनोमीटर व्यासाच्या एका पुटिकेत साधारण ८०,००० लिपिड रेणू असतात. इंग्लंडमधल्या बाब्रहॅम येथील संस्थेत अ‍ॅलेक बँगहॅम यांनी १९६०च्या दशकाच्या आरंभी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली या पुटिका पाहिल्या, आणि पेशीभोवतालच्या पडद्याचा एक सुटा, हाताळता येईल असा नमुना शास्त्रज्ञांच्या हाती आला. लिपिडचे डोके ऋणभारित असू शकते, तसे ते निसर्गात पुष्कळदा असते; किंवा प्रयोगशाळेत मुद्दाम धनभारित केलेले असते.

दुसरे पात्र म्हणजे साखळी. डीएनए, आरएनए, कोळंबीच्या टरफलापासून काढलेले कायटोसॅन, बाळांच्या डायपरमध्ये पाणी धरून ठेवणारे पॉलिअ‍ॅक्रिलेट, ही सगळी एकाच गोत्रातली. साखळीच्या कड्याकड्यावर भार असतो आणि तो एका चिन्हाचा असतो. डीएनएचे घ्या. त्याच्या दर ०.३४ नॅनोमीटर लांबीला दोन ऋणभार येतात. एवढ्या दाटीने भार मांडलेली साखळी पाण्यात एकटी राहूच शकत नाही. सोडियमसारखे विरुद्ध भाराचे आयन तिच्या अंगालगत गोळा होतात. जेराल्ड मॅनिंग यांनी १९६९मध्ये याचा हिशोब मांडला. त्यानुसार साध्या एकभारी आयनांच्या पाण्यात डीएनएचा सुमारे ७६ टक्के भार या आयनांनी झाकलेला असतो. पुटिकेच्या पृष्ठभागाशीही अशीच आयनांची गर्दी असते. म्हणजे आपण ज्यांना ‘भारित’ म्हणतो ती दोन्ही पात्रे आपापला लवाजमा घेऊनच रंगमंचावर येतात.

आता गाठ पडते. शाळेत शिकलेले उत्तर तयारच असते: विजातीय भार एकमेकांना ओढतात, म्हणून साखळी पुटिकेला चिकटते. हे खोटे नाही. पण या विषयात सगळ्यांत कमी सांगणारे वाक्य कोणते असे विचारले तर मी याच वाक्याकडे बोट दाखवीन. निव्वळ ओढीने दोन वस्तू जवळ आल्या तर ऊर्जा मोकळी व्हायला हवी आणि मिश्रण किंचित तापायला हवे. धनभारित लिपिड आणि डीएनए यांची गाठ पडताना सूक्ष्म उष्णतामापकाने केलेल्या अनेक मोजमापांत उलट दिसले. मिश्रण थोडी उष्णता आत घेते. ऊर्जेच्या दृष्टीने तोट्याचा व्यवहार, आणि तरीही तो आपसूक, जोमाने घडतो.

घडतो तो लवाजम्यामुळे. साखळी आणि पडदा यांचे भार एकमेकांना पुरेसे झाले की दोन्हीकडच्या आयनांचे तिथे काही काम राहत नाही. ते सुटतात आणि सगळ्या पाण्यात पसरतात. पृष्ठभागालगत त्यांची संहती एक मोलरच्या आसपास असेल आणि बाहेरच्या पाण्यात ती शंभरपट विरळ असेल, तर सुटणाऱ्या प्रत्येक आयनामागे एंट्रॉपीच्या, म्हणजे पसरण्याच्या मोकळिकीच्या, रूपाने औष्णिक ऊर्जेच्या साडेचारपटीहून थोडा जास्त फायदा होतो. एका डीएनए रेणूमागे असे हजारो आयन सुटतात. एकट्या आयनाचा फायदा फुटकळ असला तरी त्यांची बेरीज प्रचंड होते. चिकटणे जे आपल्याला दिसते ते या सुटकेच्या जोरावर चालते. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लिपिड-डीएनए संयुगाचा गाळ बाजूला काढून वरच्या पाण्याची विद्युतवाहकता मोजली होती. दोन्ही बाजूंचे भार बरोबर जुळतात त्या प्रमाणाशी जवळजवळ सगळे आयन सुटून पाण्यात आलेले आढळले. युक्तिवादाने पटलेली गोष्ट अशी मीटरवर वाचता यावी, हे भौतिकशास्त्रात दर वेळी नशिबी येत नाही.

मीठ टाकल्यावर काय होते हेही आता उलगडते. बाहेरच्या पाण्यात आधीच आयनांची गर्दी असेल तर सुटून जाण्यात फायदा उरत नाही. शिवाय भाराचा प्रभाव दूरवर पोचत नाही. एक मिलिमोलर मिठाच्या पाण्यात हा प्रभाव सुमारे दहा नॅनोमीटरपर्यंत जाणवतो. रक्ताइतक्या, म्हणजे ०.१५ मोलरच्या खारटपणात तो एका नॅनोमीटरच्या आतच विझतो. म्हणून परीक्षानळीत घट्ट बसलेले संयुग शरीरात गेल्यावर वेगळे वागते, आणि पुरेसे मीठ घातले तर चिकटलेली साखळी पुन्हा सुटूनही येते. ज्यांना या विषयात एकच प्रकरण वाचायचे आहे त्यांनी मिठाचे वाचावे, असे मी सुचवीन.

दुसरी गंमत प्रमाणाची. दहा-बारा परीक्षानळ्यांत धनभारित पुटिकांचे सारखेच द्रावण घ्यावे आणि प्रत्येकीत ऋणभारित साखळीचे प्रमाण थोडे थोडे वाढवत न्यावे. पहिल्या नळ्या निळसर झाकेच्या, जवळजवळ पारदर्शक दिसतात. मग दुधाळपणा वाढत जातो. भार जुळतात त्या नळीत चक्क पांढरे गोळे बसतात. इथवर अपेक्षेप्रमाणे झाले. पण त्यापुढच्या नळ्या पुन्हा निवळत जातात! साखळी आणखी घातली म्हणून गोळे वाढायला हवेत, तर ते विस्कटलेले असतात. विद्युतक्षेत्रात ठेवले की त्यांतले कण उलट्या टोकाकडे धावतात. म्हणजे साखळी चिकटताना भार शून्य होईपर्यंत येऊन थांबलेली नाही. ती पुढे गेली आणि धनभारित पुटिकेला ऋणभारित करून बसली. केवळ ओढीचे तत्त्व लावले तर शून्यापाशी व्यवहार संपायला हवा होता.

तुरटीने पाणी निवळणाऱ्या घरांत यातला अर्धा भाग माहीत असतो. पाण्यातले मातीचे कण ऋणभारित असतात, तुरटीतून आलेले अ‍ॅल्युमिनियमचे धनभारित रूप त्यांना चिकटते, कण गोळा होऊन तळाशी बसतात. जलशुद्धीकरण केंद्रातल्या माणसाला उरलेला अर्धाही माहीत असतो: मात्रा जास्त झाली तर कणांवर उलटा भार चढतो आणि गढूळपणा परत येतो. शेवग्याच्या बियांचे पाणी तुरटीऐवजी वापरता येते, ते त्यांतल्या एका धनभारित प्रथिनामुळे. हेच प्रथिन जिवाणूंच्या ऋणभारित पडद्यांना चिकटून ते एकमेकांत मिसळवते आणि जिवाणू मारते, हे २०१५मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दाखवले गेले. सांबारात शेवग्याच्या शेंगा चघळणाऱ्या बंगळूर शहरात या विषयाचे इतके हाताशी असलेले उदाहरण पाठ्यपुस्तकांत का येत नाही, कोण जाणे.

शून्य ओलांडून जाण्याचे कारण असे की चिकटलेल्या साखळ्या पृष्ठभागावर सरमिसळ पसरत नाहीत. त्या एकमेकींना दूर लोटतात आणि अंतर राखून बसतात. दोन साखळ्यांमधल्या जागेत पडद्याचा मूळ भार उघडाच राहतो. नवी साखळी येते ती सरासरी भार पाहत नाही, तिला समोरचा तो उघडा पट्टा दिसतो. सरासरीवर उभारलेला जुना सिद्धांत नेमका इथेच कोलमडतो. ग्रोसबर्ग, न्गुएन आणि श्क्लोव्हस्की यांनी २००२मध्ये या भार-उलटीचा विस्तृत आढावा घेतला, तो आजही वाचण्यासारखा आहे. गोळे का होतात तेही याच ठिपकेदार पृष्ठभागातून समजते. एका पुटिकेचा झाकलेला ठिपका दुसरीच्या उघड्या ठिपक्यासमोर आला की दोघी चिकटतात, एकूण भार दोघींचा सारख्याच चिन्हाचा असला तरी. रोममध्ये बोर्दी, कामेत्ती आणि सेन्नातो यांनी नेमका हाच खेळ बरीच वर्षे तपासला. २००६मध्ये त्यांनी दाखवले की अशा गोळ्यांत पुटिका फुटलेल्या नसतात. प्रत्येकीची आतली पोकळी शाबूत असते आणि सगळ्या मिळून अनेक खोल्यांचा एक कण तयार होतो.

इथे वाचक थबकेल, आणि त्याने थबकावेच. कारण त्याच्या नऊ वर्षे आधी, १९९७मध्ये, कॅलिफोर्नियातल्या साफिन्या यांच्या गटाने क्ष-किरणांनी दाखवले होते की धनभारित पुटिका आणि डीएनए एकत्र आले की पुटिका राहतच नाहीत. पडदे उलगडून एकावर एक थर रचतात आणि डीएनएचे दोर थराथरांत समांतर ओळींनी बसतात. मग खरे काय? दोन्ही. साखळी किती ताठ आहे, पडद्यावर भाराची दाटी किती, मीठ किती, पडदा वाकायला किती राजी आहे, यावर निकाल ठरतो. मॉस्कोच्या यारोस्लावोव्ह आणि काबानोव्ह यांनी उलट्या चिन्हांचा प्रयोग केला होता: ऋणभारित पुटिका आणि धनभारित साखळ्या. पडद्यात ऋणभारित लिपिडचे प्रमाण बेताचे असले तर पुटिका टिकते आणि साखळी परत सोडवताही येते. प्रमाण वाढले तर पडद्याचा धीर सुटतो.

पडद्याला धीर असणे-नसणे हा शब्दप्रयोग मी मुद्दाम करतो आहे. चिकणमातीचा कण किंवा प्लॅस्टिकची सूक्ष्म गोळी चिकटणाऱ्या साखळीकडे निमूट पाहते. लिपिडचा पडदा द्रव असतो. त्यातले भारित रेणू सरकत सरकत साखळीखाली जमा होतात, बिनभारी रेणू बाजूला होतात, आणि आतल्या थरातले भारित रेणूही कधी कधी बाहेरच्या थरात उलटून येतात. तापमान कमी करून पडदा गोठवला तर हे सगळे मंदावते. डीपीपीसी नावाच्या नेहमीच्या लिपिडसाठी ही सीमा ४१ अंश सेल्सिअस आहे. माझ्या मते या विषयाचा खरा जीव इथे आहे. पृष्ठभाग स्वतःच हलतो, जुळवून घेतो, आणि म्हणून चिकटणारा व ज्याला चिकटायचे तो, यांतला भेद पुसट होत जातो.

बंगळूर यात कुठे येते? सदाशिवनगरच्या कडेला चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९४८मध्ये उभी केलेली संशोधन संस्था आहे. १९७१पासून तिथे शिवरामकृष्ण चंद्रशेखर यांनी द्रवस्फटिकांची प्रयोगशाळा वाढवली, आणि १९७७मध्ये तिथूनच सदाशिव व सुरेश यांच्यासह त्यांनी तबकडीसारख्या रेणूंचे द्रवस्फटिक जगापुढे ठेवले. लिपिडचे पडदेही एका अर्थाने द्रवस्फटिकच. तेव्हा क्ष-किरणांची तीच शिस्त पुढे व्ही. ए. रघुनाथन यांच्या गटाने मेद आणि डीएनएकडे वळवली. रेमा कृष्णस्वामी, रघुनाथन आणि भारतीय विज्ञान संस्थेतले अजय सूद यांनी २००३-०४च्या सुमारास सीटॅब हा धनभारित साबणासारखा रेणू आणि डीएनए यांच्या संयुगांचा अभ्यास केला. साधे सीटॅब घेतले तर षट्कोनी जाळी मिळते. त्यात हेक्सानॉलसारखा सहाय्यक मिसळत गेले की रचना थरांकडे सरकते. म्हणजे साखळी तीच, पण समोरचा पृष्ठभाग किती सहज वाकतो यावर सगळी वास्तू बदलते. आकृत्या कोरड्या दिसतात, तरी वर सांगितलेला साफिन्या-बोर्दी पेच समजून घ्यायला त्यांच्याइतकी मदत दुसऱ्या कशाची होत नाही.

विज्ञान संस्थेच्या आवारातच प्रबळ मैती आणि बिमान बागची यांनी २००६मध्ये संगणकावर डीएनए आणि झाडासारख्या फांद्या फुटलेल्या धनभारित बहुवारिकाची गाठ घालून पाहिली. त्यांच्या निबंधाच्या शीर्षकातच आयन आणि पाणी यांची भूमिका आहे, आणि ते योग्यच आहे. त्याच संस्थेत शंतनू भट्टाचार्य यांनी पेशीत जनुके पोचवण्यासाठी धनभारित लिपिडचे अनेक नवे रेणू घडवले. जक्कूरच्या जवाहरलाल नेहरू केंद्रात जयंत हलदार धनभारित बहुवारिकांनी जिवाणूंचा पडदा फोडण्याच्या मागे आहेत. शेवग्याच्या बीचे काम तेही करतात, फक्त रेणू स्वतः रचून.

हे सारे डोळ्यांनी पाहायचे कसे, हा प्रश्न उरतो. विखुरलेल्या प्रकाशाच्या थरथरीवरून कणाचा आकार काढतात, विद्युतक्षेत्रातल्या वेगावरून भाराचा अंदाज बांधतात. रामन यांनी कलकत्त्यात १९२२मध्ये प्रकाशाच्या आण्विक विखुरण्यावर प्रबंधिका लिहिली होती. त्यांच्या नावाचा परिणाम निराळा, त्यात प्रकाशाचा रंग बदलतो. आकार मोजताना तसा बदल लागत नाही. दोन्हींची गल्लत वर्तमानपत्रे नेमाने करतात. प्रत्यक्ष चित्र हवे असेल तर नमुना क्षणात गोठवून, बर्फाचे स्फटिक होऊ न देता, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात ठेवावा लागतो. त्यासाठी हवामान ताब्यात ठेवणारी एक पेटी १९८८मध्ये मिनेसोटात तयार झाली. तिच्या कर्त्यांपैकी जयेश बेल्लारे पुढे पवईच्या आयआयटीत प्राध्यापक झाले.

आणि शेवटी पुणे. हिंजवडीच्या जेनोव्हा कंपनीच्या एमआरएनए लशीला जून २०२२मध्ये आपत्कालीन वापराची परवानगी मिळाली. परदेशी एमआरएनए लशींत आरएनएची साखळी मेदकणाच्या पोटात कोंबलेली असते. जेनोव्हाच्या लशीत ती धनभारित तेलकणांच्या पाठीवर बसवलेली असते, म्हणजे हे शुद्ध अधिशोषण, नुसते पृष्ठभागावर चिकटणे. तेलकण पुटिका नव्हे. त्याला आत पाण्याची पोकळी नसते आणि भोवती पडद्याचा एकच पदर असतो. पण साखळीच्या बाजूने पाहिले तर प्रसंग तोच. शिवाय साखळी पृष्ठभागावर असल्याने तेलकण आणि आरएनए यांचा विचार वेगवेगळा करता येतो. लस सुकवलेल्या भुकटीच्या रूपात, साध्या फ्रिजच्या २ ते ८ अंशांत ठेवता आली. उणे ७० अंशांच्या शीतकपाटांची चर्चा ऐकून दमलेल्या आपल्या जिल्हा रुग्णालयांच्या दृष्टीने ही बाब लहान नव्हती. लशीचा प्रत्यक्ष वापर तितका झाला नाही, कारण तोवर साथ ओसरली होती आणि लोक दोन डोस घेऊन मोकळे झाले होते.

पुस्तक वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. सिद्धांताची प्रकरणे समतोल गृहीत धरतात: सगळे रेणू आपापल्या सोयीच्या जागी पोचले आहेत असे मानून गणित मांडतात. प्रयोगशाळेत तसे होतेच असे नाही. शेवटी डीएनए जास्त ठेवायचे आहे असे समजा. पुटिकांच्या द्रावणात डीएनए थेंबथेंब सोडले तर मिश्रणाला भार जुळण्याच्या त्या नाजूक प्रमाणातून जावेच लागते, आणि तिथे झालेले गोळे पुढे सुटतीलच याची हमी नसते. उलट डीएनएच्या द्रावणात पुटिका सोडल्या तर पहिल्या थेंबापासून प्रत्येक पुटिकेभोवती साखळ्यांचा सुकाळ असतो आणि ती वेळच येत नाही. प्रमाण तेच, रसायने तीच, पण एका नळीत गाळ आणि दुसरीत स्वच्छ द्रावण. किती जोराने ढवळले, किती वेगाने ओतले, यानेही फरक पडतो. तेव्हा सिद्धांताच्या प्रकरणातला आलेख आणि प्रयोगाच्या प्रकरणातले आकडे जिथे जुळत नाहीत तिथे छपाईची चूक समजू नये. आधी कशात काय ओतले होते ते पाहावे.